जंतू एकच, आजार दोन : कुष्ठरोगात टी-पेशी काय करतात?

वर्धा जिल्ह्यातल्या शाळांची सहल एकदा तरी सेवाग्रामच्या आश्रमात जातेच. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी पाहून झाल्यावर मुले एका लहानशा कुटीपाशी येतात. तिचे नाव परचुरे कुटी. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींच्या सहवासात आले होते. पुढे कुष्ठरोगाने जर्जर झालेले हे शास्त्रीबुवा १९३९ च्या सुमारास सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, त्यांची शुश्रूषा केली, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले. ही हकीकत ऐकल्यावर एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "मग गांधीजींना कुष्ठरोग कसा झाला नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. "थोर माणसांची गोष्टच वेगळी" असे म्हणून तो मिटवू नये. त्याचे उत्तर थोरवीत नाही, टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींत आहे आणि त्या तुमच्याआमच्या सगळ्यांच्या शरीरात आहेत. वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणाऱ्या जंतूशी या पेशी कशा वागतात, हे समजून घ्यायला कुष्ठरोगाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. आणि कुष्ठरोगाबद्दल बोलायचे तर वर्ध्यापासूनच सुरुवात करायला हवी.

वर्ध्याचे नाते

विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी सेवाकार्य सुरू केले. त्या काळी रोगावर खात्रीचे औषध नव्हते. जखमा धुणे, खाऊपिऊ घालणे आणि माणूस म्हणून वागवणे एवढेच हातात होते. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याचे मुख्य कार्यालय वर्ध्याला आले. तोवर डॅप्सोन हे औषध हाती आले होते. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनीच गावोगाव जायचे, घरटी तपासणी करायची, लोकांना माहिती द्यायची आणि तिथेच औषध द्यायचे, अशी पद्धत डॉ. वर्देकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. पाहणी, शिक्षण, उपचार ही त्रिसूत्री पुढे देशभर वापरली गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाऐवजी दोन-तीन औषधे एकत्र देण्याचा बहुविध औषधोपचार आला. तो देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांत वर्धा जिल्हा होता.

गावोगाव हिंडणाऱ्या या कार्यकर्त्यांना एक गोष्ट डोळ्यांनी दिसत होती. एकाच जंतूमुळे होणारा हा रोग दोन रुग्णांत इतका वेगळा दिसे, की हे दोन निराळे आजार वाटावेत. एकाच्या पाठीवर एखाद-दुसरा कोरडा, बधिर चट्टा. बाकी सर्व ठीक. दुसऱ्याची सगळी त्वचा तेलकट, जाड झालेली, कानाच्या पाळ्या सुजलेल्या, भुवया झडलेल्या. असे का व्हावे?

अतिशय सावकाश चालणारा जंतू

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद. दोघांच्याही अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. हा जंतू आजपर्यंत कोणालाही प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर वाढवता आलेला नाही. उंदराच्या पावलात किंवा आर्माडिलो या प्राण्याच्या शरीरातच तो वाढवावा लागतो. त्याला थोडा गारवा आवडतो. म्हणून माणसाच्या शरीरातही तो त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेलगतच्या नसा अशा तुलनेने थंड जागी राहतो.

त्याचा वेग किती मंद आहे, हे वर्गात एका गणिताने दाखवता येईल. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू चांगले खाद्य मिळाल्यास सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे १३ दिवस लागतात. विद्यार्थ्यांना २८ वेळा दुप्पट करायला सांगा. उत्तर येईल २६ कोटी ८४ लाखांच्या आसपास. ई. कोलायला हा पल्ला गाठायला साडेनऊ तासही लागत नाहीत. कुष्ठरोगाच्या जंतूला लागते जवळजवळ एक वर्ष, तेही एकही जंतू मेला नाही असे धरून. म्हणूनच संसर्गापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधीकधी वीस वर्षेही जातात.

आणखी एक विशेष म्हणजे हा जंतू जवळजवळ विषारी नाही. घटसर्पाचा किंवा धनुर्वाताचा जंतू जसे जहाल विष सोडतो, तसे काही हा करत नाही. लेप्रोमॅटस प्रकारच्या रुग्णाच्या शरीरात असे अब्जावधी जंतू असूनही त्याला ताप नसतो, तो रोजची कामे करत असतो. मग हातापायांची बोटे वाकडी होतात, बधिरता येते, ती कशामुळे? इथेच टी-पेशींची कथा सुरू होते.

पेशीत लपलेला शत्रू

आपल्या प्रतिकारयंत्रणेचे ढोबळमानाने दोन हात आहेत. एक हात प्रतिपिंडांचा. ही प्रथिने रक्तात आणि शरीरद्रवांत फिरतात आणि उघड्यावरच्या जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. पण जंतू एखाद्या पेशीच्या आत शिरून बसला, तर प्रतिपिंडे बाहेरच राहतात. चोर घरात शिरून आतून कडी लावून बसला, की रस्त्यावरच्या पहारेकऱ्याचा काय उपयोग? अशा वेळी दुसरा हात, म्हणजे टी-पेशी, कामाला येतात. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्या तयार होऊन बाहेर पडतात. थायमसच्या आद्याक्षरावरूनच त्यांना टी हे नाव मिळाले. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली दाखवून दिले. म्हणजे गांधीजी परचुरे शास्त्रींची सेवा करत होते, तेव्हा टी-पेशी कोणालाच माहीत नव्हत्या.

टी-पेशींचे दोन मोठे गट आहेत. ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन असते त्या मदतनीस पेशी. ज्यांच्यावर सीडी८ असते त्या मुख्यतः मारेकरी पेशी. रोगग्रस्त पेशीला त्या संपवून टाकतात. मदतनीस पेशी स्वतः सहसा कोणाला मारत नाहीत, पण सूत्रे त्यांच्या हाती असतात. सायटोकाइन नावाचे निरोपी रेणू सोडून इतर पेशींना त्या कामाला लावतात.

कुष्ठरोगाचा जंतू शरीरात आला, की त्याला प्रथम महाभक्षक पेशी गिळतात. एरवी गिळलेला जंतू पचून जातो. पण मेणाचे जाड आवरण असलेला हा जंतू भक्षक पेशीच्या पोटातच सुखाने राहतो. भक्षकाला चेतवण्यासाठी मदतनीस टी-पेशीचा निरोप यावा लागतो. इंटरफेरॉन-गॅमा हा तो निरोप. तो मिळाला की भक्षक पेशी जणू जागी होते आणि पोटातल्या जंतूला मारू लागते. शंभरातल्या सुमारे ९५ माणसांत हे काम इतके चोख होते, की जंतू आला आणि गेला, हे त्यांना कळतही नाही. आपल्या चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ते हेच. बहुतेक सर्वांप्रमाणे गांधीजींच्या टी-पेशीही बहुधा या जंतूला पुरून उरणाऱ्या होत्या.

एकाच रोगाची दोन टोके

उरलेल्या मोजक्या माणसांचे काय? रिडली आणि जॉपलिंग या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कुष्ठरोगाच्या प्रकारांची एक पट्टी मांडली. पट्टीच्या एका टोकाला ट्युबरक्युलॉइड प्रकार. इथे टी-पेशी जोरदार लढतात. चट्ट्याचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर टी-पेशी आणि भक्षक पेशींची घट्ट गाठ दिसते, जंतू मात्र शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस प्रकार. इथे भक्षक पेशी जंतूंनी ठासून भरलेल्या असतात. रक्तात जंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात, पण त्यांचा उपयोग होत नाही. बहुसंख्य रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

जपानी डॉक्टर मित्सुदा यांची जुनी लेप्रोमिन चाचणी हा फरक स्पष्ट दाखवते. मारलेल्या जंतूंचा अंश हाताच्या त्वचेत टोचायचा आणि तीन-चार आठवड्यांनी पाहायचे. ट्युबरक्युलॉइड रुग्णाच्या हातावर गाठ येते, कारण तिथे टी-पेशी जमतात. लेप्रोमॅटस रुग्णाच्या हातावर काहीच येत नाही. (निरोगी माणसांच्या हातावरही गाठ येऊ शकते. त्यामुळे रोग आहे की नाही हे या चाचणीवरून ठरवता येत नाही.)

मग लेप्रोमॅटस रुग्णाच्या टी-पेशी दुबळ्या असतात का? तसे म्हणावे तर हे लोक इतर जंतूंशी नीट लढतात. त्यांच्या टी-पेशी फक्त याच एका जंतूपुढे गप्प बसतात. १९९१ साली मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही टोकांच्या रुग्णांच्या त्वचेतील निरोपी रेणू तपासले. ट्युबरक्युलॉइड चट्ट्यात इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-२ सापडले. हे "लढा" असे सांगणारे निरोप. लेप्रोमॅटस त्वचेत इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१० प्रामुख्याने होते. हे भक्षक पेशींना शांत ठेवणारे निरोप. पहिल्या टोकाला सीडी४ पेशी जास्त, दुसऱ्या टोकाला सीडी८ पेशी जास्त, असाही फरक दिसला. दोन गटांचे हे चित्र आता बरेच गुंतागुंतीचे झाले आहे. दाह आवरणाऱ्या आणखी काही टी-पेशी त्यात आल्या आहेत. पण मूळ मुद्दा टिकून आहे. टी-पेशी कोणता निरोप सोडतात, त्यावर रोगाचे रूप ठरते. तो निरोप कोणता असावा, हे ठरवण्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे.

ही शांतता मोडता येईल का, असा प्रश्न मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. देव यांच्यासारख्या संशोधकांपुढे होता की काय, असे विचारण्यापेक्षा एवढे सांगणे पुरे, की त्या संस्थेत आणि दिल्लीत डॉ. तलवार यांच्या गटात कुष्ठरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांपासून लसी बनवल्या गेल्या. काही लेप्रोमॅटस रुग्णांना त्या टोचल्यावर त्यांची लेप्रोमिन चाचणी नकारार्थी होती ती होकारार्थी झाली. गप्प बसलेल्या टी-पेशी कायमच्या मुक्या झालेल्या नसतात, हे त्यातून कळले.

बोटे वाकडी कशाने होतात?

कोपर कशावर तरी आपटले, की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे त्वचेलगत एक मोठी नस आहे. नसेतल्या तंतूंभोवती श्वान पेशींचे वेष्टन असते. (हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून आले आहे, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना सांगायला विसरू नये!) कुष्ठरोगाच्या जंतूला या पेशीत राहायला फार आवडते.

आता टी-पेशी त्या जंतूचा माग काढत नसेत शिरल्या, तर काय होईल? दाह होईल, सूज येईल. नसेचे बाहेरचे आवरण चिवट असते, ते फारसे ताणत नाही. आतल्या सुजेने तंतूच चेपले जातात. संवेदना नेणारे तंतू गेले की बधिरता येते. स्नायूंना आज्ञा नेणारे गेले की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. बधिर हाताला चुलीवरचे गरम भांडे चटका देते आणि ते कळतही नाही. जखमा होतात, चिघळतात, हाड झिजते. कुष्ठरोगात बोटे "गळून पडत" नाहीत. न कळलेल्या जखमांनी ती झिजतात.

म्हणजे जी विकृती पाहून समाज शतकानुशतके घाबरला, ती बऱ्याच अंशी जंतू घालवण्यासाठी निघालेल्या आपल्याच टी-पेशींनी केलेली असते. समाजाची भीती नेमकी उलटी बसली होती. ज्याची बोटे वाकडी झाली आहेत, तो अनेकदा रोगातून पूर्ण बरा झालेला असतो. त्याच्या शरीरात जिवंत जंतू नसतात. उपचार न घेतलेला, जंतूंनी भरलेला रुग्ण मात्र सुरुवातीला वरवर ठणठणीत दिसू शकतो. त्याच्याकडूनही संसर्ग व्हायचा तर बहुधा दीर्घ सहवास लागतो, आणि उपचार सुरू झाला की संसर्गाची शक्यता लवकरच संपते.

औषध चालू असताना भडका

पट्टीच्या मधल्या भागातले रुग्ण स्थिर नसतात. कधीकधी गप्प असलेल्या टी-पेशी एकाएकी जाग्या होतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकू लागते, हातातली ताकद थोड्या दिवसांत जाऊ शकते. आरोग्य कर्मचारी याला "रिॲक्शन" म्हणतात. ती उपचारापूर्वी, उपचार चालू असताना, किंवा तो संपल्यावरही येते. रुग्णाला वाटते, औषध उलटले. तो गोळ्या बंद करतो, लाजेने घरात बसतो, आणि हात कायमचा जातो. खरे तर अशा वेळी मूळ औषध चालूच ठेवायचे असते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनसारखे दाह शमवणारे औषध काही महिने घ्यायचे असते. वेळेवर सुरू केले, तर नस बऱ्याचदा वाचते.

एचआयव्हीने चुकवलेला अंदाज

आता एका वेगळ्या जंतूकडे वळू. १९८३ साली सापडलेला एचआयव्ही हा विषाणू नेमक्या सीडी४ पेशींतच शिरतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार न झाल्यास त्या वर्षानुवर्षे घटत जातात. २०० च्या खाली गेल्या, की क्षयासारखे रोग डोके वर काढतात. अर्थात क्षयाचा धोका त्याआधीही बराच वाढलेला असतो.

यावरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की एचआयव्ही झालेल्या माणसांत कुष्ठरोग वाढेल आणि तो लेप्रोमॅटस टोकाकडे झुकेल. तर्क बिनचूक वाटत होता. प्रत्यक्षात तसे दिसले नाही. दोन्ही रोग असलेल्या रुग्णांत ट्युबरक्युलॉइड बाजूचे चट्टे पूर्वीसारखेच आढळले. याचे पूर्ण समाधानकारक स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही. आश्चर्य पुढेच होते. एचआयव्हीवर प्रभावी औषधे मिळू लागली, सीडी४ पेशी पुन्हा वाढल्या आणि काही रुग्णांत तोवर दडून राहिलेला कुष्ठरोग रिॲक्शनसह उघड झाला. परतलेल्या टी-पेशींना जुना शत्रू दिसला आणि भडका उडाला.

एचआयव्हीत सीडी८ मारेकरी पेशींचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला त्या विषाणूची संख्या खाली आणतात. पण विषाणू संपत नाही. रूप बदलत राहतो. रोज तोच शत्रू समोर, विश्रांती नाही. हळूहळू या पेशी थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन वाढते. ते गाडीच्या ब्रेकसारखे काम करते. उंदरांतील एका दीर्घकालीन विषाणुसंसर्गात आणि नंतर माणसातील एचआयव्हीत हे २००६ साली स्पष्ट झाले. पीडी-१ चा शोध लावणारे जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, कारण हा ब्रेक सोडवून काही कर्करोगांवर उपचार करता येतात.

शरीराने असा ब्रेक ठेवलाच कशाला? कुष्ठरोगातली चेपलेली नस त्याचे उत्तर देते. लवकर न हटणाऱ्या जंतूशी टी-पेशी पूर्ण जोराने लढत राहिल्या, तर रणभूमी म्हणजे आपलेच शरीर उद्ध्वस्त होते. अगदीच गप्प बसल्या, तर जंतूचे राज्य येते. दीर्घ संसर्गात टी-पेशींना या दोहोंच्या मधली वाट काढावी लागते, आणि ती प्रत्येकाला सापडतेच असे नाही.

शिक्षक काय करू शकतात?

भारताने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आणले. त्यामुळे हा रोग संपला, असा समज पसरला. पण २०२२-२३ या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांत मुलेही असतात.

आरोग्य केंद्राच्या मदतीने वर्गात ही माहिती जरूर द्यावी. त्वचेवर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा असेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाचा बारीक धागा टेकवला तर कळतो का, हे घरच्यांनी पाहावे. कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो, आणि निदान डॉक्टरांनीच करायचे असते. औषध सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी केंद्रात मोफत मिळते. रुग्णाच्या निकट सहवासातल्यांना रोग टाळण्यासाठी रिफॅम्पिसिनची एक मात्राही देतात. तपासणी मात्र चारचौघांत करू नये. ज्या मुलाच्या अंगावर चट्टा निघेल, त्याला वर्गात पुन्हा बसायचे असते.

शेवटी परचुरे कुटीकडे परत येऊ. त्या चौकस विद्यार्थ्याला टी-पेशींचे उत्तर दिल्यावर एक प्रतिप्रश्नही विचारावा. आपल्या टी-पेशी बहुधा आपले रक्षण करतील, हे आज आपल्याला माहीत आहे. १९३९ साली ते कोणालाच माहीत नव्हते. तरीही शास्त्रीबुवांच्या अंगाला हात लावणारे हात होते. मग आज, एवढे सगळे कळल्यावर, वाकड्या बोटांच्या माणसाशेजारी एसटीत बसायला आपण का कचरतो? याचे उत्तर मुलांनीच शोधू द्यावे.